अलकाताईंचा हरवलेला मायनस

तुमच्या चष्म्याचा नंबर किती?

मनात उत्तर आलं असेल. दोन. सव्वातीन. एका डोळ्याला दीड, दुसऱ्याला पावणेदोन. आता पुढचं सांगा. दोन म्हणजे काय दोन? मायनस की प्लस? अडखळलात ना? अडखळला नसाल तर तुम्ही चष्म्याच्या दुकानात कामाला असाल. आपल्याकडे चिन्ह कुणी उच्चारत नाही. आई विचारते, "नंबर वाढला का गं?" मुलगी सांगते, "हो, तीन झाला." विषय संपला. आणि नंबर माणसाच्या तोंडात होता तोवर त्याने कुणाचं काही बिघडलंही नाही. तो एका मशीनमधून दुसऱ्या मशीनमध्ये जायला निघाला तेव्हा घोटाळा झाला, आणि आमच्या दापोलीकडच्या एका क्रेनवाल्याची भाकरी जायची वेळ आली.

तो क्रेनवाला पुढे येईल. आधी अलकाताई.

अलका रिसबूड. चिपळूणच्या, आता सौदीतल्या अल खोबरच्या. त्यांना सकाळी दम्मामच्या ऑफिसात सोडायचं आणि संध्याकाळी घरी आणायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. उरलेल्या वेळात मी कामगारांच्या कॅम्पातल्या लोकांच्या भानगडी निस्तरतो. कुणाचा पासपोर्ट मालकाने दाबून ठेवलाय, कुणाला ताप असून दवाखान्यात नेत नाहीत, असलं सगळं. कायदा मी कॉलेजात शिकलो नाही. कचेऱ्यांच्या रांगेत उभा राहून, शिव्या खाऊन आणि देऊन शिकलो.

अलकाताई गाडीत बसतात हे म्हणायला. खरं म्हणजे त्या बसतच नाहीत. डाव्या बाजूला बसल्या तर अर्ध्या वाटेत उजवीकडे सरकतात. काच खाली, काच वर. पर्स उघडायची, काय शोधतोय ते विसरायचं, बंद करायची. पाय तर शिलाई मशीनवर ठेवल्यासारखा सतत हलत असतो. त्यांचे यजमान हेमचंद्रभाऊ बँकेत आहेत, शांत माणूस. ते म्हणतात, "हिला पंख्याखाली बसवली तर पंखा दमेल."

ही चळवळ त्यांच्या अंगात जन्मापासूनची, पण मध्ये पंधराएक वर्षं तिला वाटच मिळाली नाही. दोन हजार साल उजाडताना जगातले कॉम्प्युटर बंद पडणार अशी बोंब उठली होती, आठवतं? तेव्हा पुण्यात गल्लोगल्ली कोबोल शिकवायचे क्लास निघाले होते. कोबोल म्हणजे बँका नि कंपन्यांच्या मोठ्या मशीनची जुनी भाषा. चिपळूणची ही बी. एस्सी. झालेली मुलगी तिथे गेली, शिकली, मुंबईत नोकरीला लागली, आणि हात बसतोय तोवर लग्न होऊन इकडे आली. इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, नवऱ्याच्या नावाखाली नाव. काम करायची परवानगी नाही. भांड्यांचं कपाट पुन्हा पुन्हा लावायचं, सोसायटीतल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायच्या, आणि रात्री नवऱ्याला म्हणायचं, "मला काहीतरी तोडायला द्या नाहीतर जोडायला द्या."

मग दिवस फिरले. परवानग्या सुटल्या, आणि इथल्या कंपन्या जुनी मशीनं काढून नवी घ्यायला लागल्या. जुन्या मशीनमधला माल नव्यात न्यायचा तर कोबोल वाचणारा माणूस हवा. ते सगळे निवृत्त होऊन आपापल्या गावी आंबे मोजत बसलेले. कुणीतरी हेमचंद्रभाऊंना विचारलं, "तुमच्या मिसेस पूर्वी हे करायच्या ना?" भाऊंनी घरी येऊन अर्धं वाक्य बोलेपर्यंत बाई चपला घालून दारात.

तर त्या कंत्राटी नोकरीतली ही हकिगत. रास अल खैरला, जिथे समुद्राचं पाणी गोडं करतात, तिथल्या कामांना माणसं पुरवणारी एक कंपनी आहे. नाव सांगत नाही. तिच्या जुन्या मशीनमधली माहिती अलकाताईंनी नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेली. माणसाचं नाव, गाव, रजा, आणि दवाखान्याची नोंद. दवाखान्याच्या नोंदीत चष्म्याचा नंबरही होता, कारण साइटवर साधा चष्मा चालत नाही. कंपनी नंबरवाला जाड सेफ्टी चष्मा करून देते. जुना जमा करायचा, नवा घ्यायचा. नव्या सॉफ्टवेअरचा मोठेपणा असा की डॉक्टरला विचारायची गरजच नाही. नोंदीतला नंबर परस्पर चष्मेवाल्याकडे जातो आणि चष्मे पेटीत भरून येतात.

काम संपलं, सह्या झाल्या, ऑफिसात केक कापला. अलकाताईंनी माझ्यासाठी त्यातला तुकडा टिश्यूत गुंडाळून आणला होता.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, नवे चष्मे वाटून झाल्यावर, सकाळी खोबरहून दम्मामला जाताना, माझा फोन वाजला. शारीक बुरोंडकर. रास अल खैरला क्रेनवर. मी फोन स्पीकरवर टाकला.

"भाई, मना घरी पाठवतायत."

"कोण पाठवतो? काय केलंस तू?"

"काय केला नाय. डोळे गेले माझे. नवा चष्मा दिला तसा लांबचा सगला कापूस पिंजल्यासारखा दिसतो. क्लिनिकात चष्मा लावून पाटी वाचायला लावली, पयली ओळपन वाचता आली नाय. अनफिट. क्रेनचा कार्ड काढून घेतला. पुढच्या हप्त्यात फायनल एक्झिट, कायमचा घरी."

"अरे, मग जुबैलला नेऊन मशीनवर डोळे तपासा म्हणावं!"

"बोललो. कंपनी बोलते कशाला तपासायचा? नोंदीतला नंबर आनि चष्म्याचा नंबर एकच हाय, चष्मा बरोबर हाय, म्हंजे डोळ्यांतच रोग झाला. तपासात टाइम घालवन्यापेक्षा नवा ऑपरेटर आनतील." मग आवाज खाली आला. "भाई, आमच्या अब्बांचे डोळे साखरेने गेले होते. तसाच चाललाय काय माझा?"

मला संताप आला. मी त्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला होता, तेवढ्यात मागून आवाज आला.

"दादा, हे कोण?"

"आमचा शारीक, ताई. तुम्ही त्रास नका करून घेऊ."

"कुठली कंपनी, विचारा."

शारीकने नाव सांगितलं. मी आरशात पाहिलं. अलकाताईंचा पाय थांबला होता. मी तो थांबलेला पहिल्यांदाच बघत होतो.

"शारीक, मी अलका बोलतेय. तुमचा नंबर किती?"

"अडीच, ताई."

"अडीच काय?"

"अडीच म्हंजे अडीच."

"तुम्हाला लांबचं दिसत नाही की वाचायचं?"

"वाचायला मना चष्मा लागतच नाय. लांबचाच."

"म्हणजे मायनस आहे."

"ता मना म्हाईत नाय. डाक्टर अडीच बोलला, आमी अडीच बोलतो."

अलकाताई म्हणाल्या, "दादा, गाडी बाजूला घ्या."

"इथे? हायवेवर? कॅमेरा टिपेल, ताई."

"मग पळवा."

"पळवली तरी टिपेल."

"तुम्ही काहीतरी करा हो!" आणि त्या डावीकडून उजवीकडे सरकल्या, उजवीकडून डावीकडे.

ऑफिससमोर गाडी पुरती थांबायच्या आत दार उघडून गेल्यासुद्धा. मी सावली बघून थांबलो. मला कळलं होतं की काहीतरी पेटलंय. चहा संपायच्या आत त्या खाली आल्या. पर्स नाही, फोन नाही. गाडीभोवती फेऱ्या मारत बोलायला लागल्या.

"चष्मा लावणारे सगळे वेगळे काढून पाहिले. एकही मायनस नाही, दादा. एकसुद्धा नाही! माझा स्वतःचा मायनस साडेतीन आहे. शाळेच्या फाटकाशी उभं राहा, निम्म्या पोरांच्या नाकावर मायनस. आणि ही अख्खी कंपनी प्लस? असं जगात होत नाही. मायनस मी गाळला. मी."

"तुम्ही कशाला गाळाल?"

"ऐका. जुन्या मशीनमध्ये चिन्हाला वेगळी जागा देत नाहीत. शेवटच्या आकड्याच्याच पाठीवर बसवतात, जागा वाचावी म्हणून. मायनस अडीच असेल तर शून्य, दोन, पाच, आणि शेवटच्या शून्याच्या जागी स्क्रीनवर दिसतो महिरपी कंस. पावणेदोन असेल तर शेवटच्या पाचाच्या जागी दिसतो इंग्रजी एन. नवख्याला वाटतं कचरा आलाय. मला माहीत होतं की हा कचरा नाही. मी ते चिन्ह पाठीवरून उतरवून पुढे वेगळं मांडलं. मायनस, मग चार आकडे. बरोबर केलं होतं, दादा! बरोबरच केलं होतं!"

"मग?"

"मग अदनान आला."

अदनान मुकादम हा त्यांचा मॅनेजर. म्हसळ्याचा. वाईट माणूस नाही, पण कायम घाईत. जेवतानाही घड्याळाकडे बघून घास गिळणारा.

"तो म्हणाला, ‘मॅडम, तुमचा हा रकाना पाच घरांचा येतोय, नव्या सॉफ्टवेअरमध्ये चारच घरं आहेत. पुढची काडी कसली?’ मी म्हटलं, चिन्ह आहे. तो हसला. ‘चष्म्याच्या नंबराला कसलं चिन्ह? माझ्या बायकोचा दोन आहे. तुमचा किती?’ आणि मी काय म्हणाले असेन?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"साडेतीन! मी म्हणाले, साडेतीन. माझ्या नाकावर मायनस आहे, जन्मभर काचेतून बघतेय, आणि मी म्हणाले साडेतीन. त्याचं म्हणणं मलाही पटलं. कोबोलमध्ये रकान्याचं माप लिहिताना पुढे एस लिहिला की त्याला चिन्ह ठेवता येतं. मी नव्या रकान्याचा एस काढून टाकला. एक अक्षर. बसला चार घरांत नीट."

"आणि मशीनने ओरडा केला नाही?"

"नाही ना! चिन्हाचा आकडा बिनचिन्हाच्या घरात टाकला की ते निमूट चिन्ह सोडून देतं. त्याला वाटतं, तुम्हाला हेच हवंय."

मला हे माझ्या पद्धतीने समजलं. मालाने भरलेल्या ट्रकच्या मागे क्लीनर लटकलाय. तो मायनस. अलकाताईंनी त्याला उतरवून पुढे ड्रायव्हरशेजारी बसवला. पुढे फाटक अरुंद. फाटकवाला म्हणाला, हा कोण जादा? उतरवा. माल मोजला, बरोबर भरला, सही झाली. क्लीनर वाळवंटात उभा. असंच ना, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "असंच. आणि असे शेकडो क्लीनर, दादा. त्यातला एक क्रेनवर."

वर जाऊन अदनानला सांगा, मी म्हटलं. म्हणाल्या, सांगितलं. तो म्हणाला शुक्रवार-शनिवार उलटू दे, मग बघू. "मग बघू" हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. मग बघणाऱ्यांना विमानतळावर सामान घेऊन उभा राहिलेला माणूस दिसत नाही. पण या वेळी माझ्यापेक्षा जास्त डोकं अलकाताईंचं फिरलं होतं. शुक्रवारी सुटी. सकाळीच त्यांचा फोन, "दादा, जुबैलला जाऊ. शारीकला बसने तिथपर्यंत यायला सांगा. आज दवाखाना बंद, पण त्याला अदनानसमोर नेऊ. चष्मा घेऊनच या म्हणावं."

हेमचंद्रभाऊ सोबत आले नाहीत. दारात उभं राहून म्हणाले, "सांभाळून. दोघंही." आम्हा दोघांच्या रागाची कल्पना असलेला हा एकच माणूस.

जुबैलला मल्याळी हॉटेलाबाहेर शारीक उभा होता. कामाला वाघ माणूस, पण त्या दिवशी भिंतीला धरून चालत होता. डोळे गेले या भीतीनेच निम्मं दिसेनासं झालं होतं. स्वतःचा घरचा चष्मा होता तो कॅम्पात कुणाच्या बुटाखाली गेलेला. जुना सेफ्टी चष्मा नवा घेताना जमा. हा नवा तेवढा खिशात.

परतीच्या वाटेवर त्याने जे सांगितलं ते मला आधी माहीत नव्हतं.

"नवा चष्मा मिळाला तवा सगले बोलले, बसायला टाइम लागतो. पोरं चष्मा खिशात घालून काम करतात. मीपन चष्म्याच्या वरून बघून दिवस काढला. मग एकदा पाइप उतरवत होतो. खाली रिगर, माल हुकाला बांधनारा बंगाली, हात दाखवतो. मना हात दिसतो, बोटं नाय दिसत. खाली घेऊ की थांबू? मी थांबलो. तो खालून शिव्या देतो. मी पाइप तसाच हवेत धरला, दुसरा ऑपरेटर बोलवला, आनि खाली उतरून सुपरवायजरला बोललो, मना आज वर चढवू नको. त्यानेच क्लिनिकात पाठवला."

अलकाताई बाहेर बघत होत्या. "म्हणजे तुम्ही स्वतःहून खाली उतरलात."

"नायतर काय ताई, त्याच्या हातावर ठेवू पाइप?"

आता माझं ऐका. शेकडो लोकांनी चष्मे खिशात घातले आणि तोंडं शिवली. का? कारण दिसत नाही म्हणणाऱ्याला इथे घरी धाडतात. एकाने खरं सांगितलं, त्याचंच कार्ड गेलं. हे मी कुणाला कितीदा ओरडून सांगायचं? असो.

दम्मामला अदनानच्या इमारतीखाली गाडी लावली. तो घरच्या सदऱ्यावरच खाली आला, इकडेतिकडे बघत पुढच्या सीटवर बसला.

"इथं नको थांबू, भाई. यल्ला, चल, कॉर्निशवर घे. थांबवू नको कुठं, फिरवत राहा."

समुद्राकडेच्या रस्त्यावर आम्ही फेऱ्या मारायला लागलो. लोक गवतावर चटया टाकून बसले होते, पोरं पतंग उडवत होती. गाडीत चार माणसं, चौघांनाही घाम.

"अलकाताई, तुम्ही सुटीच्या दिवशी कामगार घेऊन माझ्या दारात येता. कुणी पाहिलं तर काय समजतील?"

"समजू दे. इकामा काढा."

"काय?"

"तुमचा इकामा. कार्ड. द्या इकडे." त्याने बावचळून दिलं. "शारीक, चष्मा." शारीकने खिशातून काढून दिला. ताईंनी पुढे वाकून त्याची काच कार्डावरच्या बारीक अक्षरांवर धरली. "वाचा."

अदनानने मान खाली घातली. "हां... मोठं दिसतंय. छान दिसतंय की. आमच्या अब्बांचं भिंग होतं, अगदी तसं."

मग त्यांनी स्वतःचा चष्मा काढून धरला. "आता?"

"बारीक झालं."

"माझा मायनस. लांबचं न दिसणाऱ्याला हा लागतो. शारीकला लांबचं दिसत नाही आणि तुम्ही आणि मी मिळून त्याच्या नाकावर तुमच्या अब्बांचं भिंग बसवलंय. आणि त्याला क्रेनवर चढवलंय."

अदनानने इकामा खिशात घातला. मी एक वळसा पुरा केला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "दुरुस्त फाइल किती वेळात होईल?"

"झाली आहे. एस परत घातला, घरं पाच करून घेतली. काल केली."

"मग प्रश्नच मिटला! रविवारी मी गुपचूप जुनीच्या जागी टाकतो. कुणाला पत्ता लागत नाही. खलास."

"फाइल बदलेल. नाकावरचे चष्मे कोण बदलणार?"

"पुढच्या वेळी नवे होतील तेव्हा आपोआप..."

"दोन वर्षांनी?" मी गरजलो. "दोन वर्षं ही माणसं वर चढून काय अंदाजाने हुक सोडणार? तुझा भाऊ असता खाली तर?"

"तू गाडी चालव!" अदनान उसळला. "तुला काय जातंय बोलायला? हँडओव्हरवर माझी सही आहे. कळवलं की चूक कुणाची म्हणून विचारतील. माझा इकामा या कंपनीवर, पोरं इथल्या शाळेत. अफशाँची बारावी आहे यंदा. मी कुठं जाऊ तिला घेऊन, म्हसळ्याला?"

मागून शारीक म्हणाला, "मीपन तिकडंच जातोय, अदनानभाई. हर्णैला. सोबत जाऊ."

टोमणा होता की साधंच बोलला, मला आजही कळलेलं नाही. पण अदनान मागे वळला आणि पहिल्यांदा त्याने शारीकच्या तोंडाकडे पाहिलं. शारीक डोळे बारीक करून त्याच्या दिशेने बघत होता, नेमकं त्याच्याकडे नाही, जरा बाजूला.

अदनान म्हणाला, "माझं नाव नका घालू. तुम्हाला हात जोडतो."

"नाही घालत," अलकाताई म्हणाल्या. "एस मी काढला. तुम्ही म्हणालात म्हणून काढला, पण मला थांबायला हवं होतं. तुम्हाला कोबोल येत नाही, मला येतं."

गाडी फिरतच होती. त्यांनी मांडीवर लॅपटॉप उघडला आणि क्लिनिकला, सेफ्टीवाल्यांना आणि कंपनीला मिळून एकच मेल लिहिली. मोठ्याने वाचत लिहिली, अक्षर ठोकत. फाइलमध्ये चिन्ह गळलं आहे. ज्यांचा नंबर मायनस होता त्या सगळ्यांना उलटे चष्मे गेले आहेत. हे चष्मे आज काढून घ्या, उद्या नाही. ज्यांना अनफिट ठरवलं त्यांची पुन्हा तपासणी करा. चूक माझी. खाली नाव. मायनसवाल्यांची यादी जोडली. बोट बटणावर ठेवलं आणि प्रथमच माझ्याकडे बघितलं.

"दादा, इंटरनेट आहे ना हो इथे?"

"भरपूर."

गेली मेल. अदनानच्या खिशातला फोन तिथेच वाजला, कारण त्यालाही पाठवली होती. त्याने बघितला नाही. "मला इथंच सोड," म्हणाला. कॉर्निशच्या मधोमध उतरला आणि सपाता फटफटवत उलट्या दिशेने चालायला लागला.

पुढचं सगळं गोड झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. सेफ्टीवाल्यांनी खाडकन हालचाल केली, हे कबूल. त्यांना माणसाची किती काळजी होती मला माहीत नाही, पण क्रेनची होती. चष्मे गोळा झाले. अदनानने रविवारी स्वतः साइटवर जाऊन यादीतला एकेक माणूस शोधून काढला. कॅम्पाकॅम्पात फिरला, रात्रपाळीवाल्यांना उठवलं. आणि त्याच अदनानने वर जो अहवाल दिला त्यात लिहिलं की चूक बाहेरच्या प्रोग्रामर बाईची. अलकाताईंना पुढच्या कामाला बोलावलं नाही. मी हे कळल्यावर त्याच्या ऑफिसात जायला निघालो होतो. ताईंनी अडवलं.

"चष्मे काढून घेतले ना त्याने?"

"घेतले."

"मग लिहू दे त्याला काय लिहायचं ते. खोटं तर लिहिलेलं नाही."

"अर्धं लिहिलंय!"

"अर्धं माझंच आहे, दादा."

मला हे पटलं नाही. आजही पटत नाही. त्यांच्याशी माझं यावर भांडण आहे आणि ते मिटवायची मला घाई नाही.

शारीकला जुबैलला नेलं. मशीनवर डोळे तपासले. मायनस अडीच, पूर्वी होता तोच. साखर नाही, रोग नाही. कार्ड परत मिळालं. फायनल एक्झिटचा कागद मात्र आधीच पुढे सरकला होता. तो थांबवायला मी तीन कचेऱ्या पालथ्या घातल्या, तेव्हा थांबला. नवा चष्मा लावून वर चढला त्या दिवशी त्याने वरून फोन केला. नियमाविरुद्ध. मी शिव्या घातल्या. तो म्हणाला, "भाई, लांब समुद्रात जहाज उभा हाय. त्याच्यावरचा झेंडा कुठला ता सांगू?"

"फोन ठेव आणि काम कर, गाढवा."

अलकाताई सध्या घरी आहेत. कपाट लावत नाहीत. हातात यादी आहे. त्या यादीतल्या बहुतेक नावांपुढे खूण झाली. उरली आहेत ती अशी माणसं की जी मेल जायच्या आधीच कंपनी सोडून गेली, नाहीतर सुटीवर गावाला गेली. त्यांचे फोन बंद, इथले नंबर गेले. रोज सकाळी त्या दोनचार ठिकाणी फोन लावतात, चालत चालत, स्वयंपाकघरातून बाल्कनीत, बाल्कनीतून स्वयंपाकघरात. कुणाच्या तरी भावाचा नंबर मिळतो, तो दुबईत निघतो. कुणाची बायको विचारते, बाई तुम्ही कोण, माझ्या नवऱ्याला का शोधताय? यांनी समजावून सांगेपर्यंत फोन कट. परवा मला म्हणाल्या, "दादा, त्यातला कुणी आता तिकडे मोटारसायकल चालवत असेल. घाटात."

म्हणून हे लिहितोय. मेल तिथे पोचत नाही, तुम्ही पोचता. तुमच्या घरात, वाडीत, मोहल्ल्यात सौदीतून परतलेला कुणी असेल, कंपनीचा नवा चष्मा खिशातच ठेवत असेल आणि विचारलं की "सवय नाही झाली अजून" असं म्हणत असेल, तर त्याला हसू नका आणि म्हातारा झालास म्हणून चिडवूही नका. तो स्वतः होऊन सांगणार नाही, त्याला भीती आहे. त्याच्या हातातून गाडीची किल्ली काढून घ्या, आणि त्याला आजच्या आज डोळे तपासायला घेऊन जा.